नगरांचा वैद्य : पॅट्रिक गेडिस

माणूस घर बांधतो हे खरे, पण घरे एकत्र येऊन गाव कसे होते याचा विचार आपण क्वचितच करतो. गावाबाहेरच्या शेतात एक दिवस चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढल्या जातात, दगड रोवले जातात, कमान उभी राहते आणि नव्या वसाहतीचा जन्म होतो. आमच्या बेज्जूरकडून कागजनगरकडे जाताना किंवा तेथून पुढे आदिलाबाद, चंद्रपूर अशा कोणत्याही शहराच्या वेशीवर अशा वसाहती दिसतात. तेलंगणात त्यांना ‘वेंचर’ म्हणतात. पाहावे तर सारे प्लॉट एका मापाचे, सारे रस्ते एका रुंदीचे. पण घरात राहणारी माणसे एका मापाची असतात काय? कुणाच्या घरी नवरा-बायको दोघेच, कुणाकडे तीन भाऊ एका चुलीवर. कुणी विधवा बाई एका खोलीत शिवणकाम करून पोट भरते, तर कुणाला बैलजोडी बांधायलाही जागा लागते. या सर्वांना एकाच वसाहतीत कसे सामावून घ्यावे? किती माणसे किती जागेत राहिली म्हणजे गर्दी होते, आणि किती विरळ राहिली म्हणजे शेजार मोडतो?

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी या प्रश्नाकडे प्रथम जमाखर्चाच्या दृष्टीने पाहू लागलो, आणि वाचता वाचता एका विलक्षण माणसाची ओळख झाली. तो माणूस म्हणजे पॅट्रिक गेडिस. जन्माने स्कॉटिश, शिक्षणाने वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि वृत्तीने नगरांचा वैद्य. आयुष्यातील जवळजवळ दहा वर्षे त्यांनी हिंदुस्थानात काढली. मराठी राजांच्या इंदूर-बडोद्यापासून कन्नड मुलखातील बळ्ळारीपर्यंत अनेक गावांच्या गल्ल्या त्यांनी पायी तुडवल्या. आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड, दोन्ही विभागांच्या वाचकांचा म्हणून त्यांच्यावर सारखाच हक्क आहे.

गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या लहानशा गावी झाला. वडील पलटणीत होते. निवृत्तीनंतर कुटुंब पर्थ या गावाजवळच्या टेकडीवर राहू लागले. घर लहान, पण भोवती बाग होती. वडिलांचे बोट धरून त्या बागेत बटाटे लावणे, फुलझाडांची निगा राखणे हेच या मुलाचे पहिले शिक्षण होते. टेकडीवरून खाली पाहिले की नदी, शेते, पूल आणि गाव सारे एका दृष्टिक्षेपात दिसे. गाव हे भोवतालच्या प्रदेशापासून तोडून पाहायचे नसते, ही त्यांच्या पुढच्या सर्व विचारांची बैठक तेथेच तयार झाली असावी.

आम्हा वाणिज्यवाल्यांना ऐकून गंमत वाटेल, पण या माणसाची पहिली नोकरी बँकेतली होती. वडिलांच्या आग्रहाखातर त्यांनी सुमारे दीड वर्ष पर्थच्या बँकेत कारकुनी केली. काम नेटके केले, पण मन रमले नाही. अखेर वडिलांची संमती घेऊन ते विज्ञानाकडे वळले आणि लंडनला थॉमस हक्सले या प्रसिद्ध जीवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे प्राध्यापक झालेल्या या माणसाच्या नावापुढे परीक्षेची एकही अक्षरे नव्हती. परीक्षेच्या हंगामात हे वाक्य लिहिताना मला थोडा धीर येतो, हे सांगायला हरकत नाही!

1879 साली संशोधनासाठी ते मेक्सिकोला गेले असता त्यांच्या डोळ्यांवर मोठे संकट आले. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता? पण खिडकीच्या तावदानांवरून हात फिरवता फिरवता त्यांना एक युक्ती सुचली. कागदाच्या घड्या घालून चौकटी करायच्या आणि एकेका चौकटीत एकेक कल्पना ठेवून त्यांचा परस्परसंबंध पाहायचा. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावरचे काम पूर्वीसारखे जमेना. जंतूंकडून त्यांचे लक्ष हळूहळू माणसांकडे आणि माणसांच्या वस्त्यांकडे वळले. स्थळ, काम आणि लोक या तीन चौकटी त्यांनी आयुष्यभर वापरल्या. जागा कशी आहे, तेथे लोक कोणता उद्योग करतात, आणि त्यांचे कुटुंब व चालीरीती कशा आहेत, हे तिन्ही एकत्र पाहिल्याशिवाय नकाशावर रेघ ओढायची नाही, असा त्यांचा दंडक होता.

1886 मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या काळी एडिंबरो शहराचा जुना भाग म्हणजे दाटीवाटीची, काळवंडलेली, उंच उंच घरांची वस्ती होती. सधन लोक केव्हाच ती सोडून नव्या भागात राहायला गेले होते. या दांपत्याने उलट मार्ग धरला. 1887 साली त्यांनी जेम्स कोर्ट नावाच्या जुन्या वाड्यात बिऱ्हाड थाटले. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे लावली, पडकी बांधकामे तेवढी काढून चौकात उजेड आणला. उपदेश दुरून करण्यापेक्षा शेजारी जाऊन राहणे त्यांना अधिक पटले.

त्यानंतर 1890 च्या दशकात किल्ल्याजवळच्या उतारावर त्यांनी रॅमझे गार्डन नावाची इमारतींची मालिका उभी केली. आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने ही वास्तू फार महत्त्वाची आहे. एका जुन्या अष्टकोनी घराला मध्ये ठेवून भोवती लहान-मोठ्या सदनिका रचल्या. कुठे प्राध्यापकाचे प्रशस्त बिऱ्हाड, कुठे विद्यार्थ्यांच्या खोल्या. जागा थोडी, माणसे पुष्कळ, तरी प्रत्येकाला उजेड, वारा आणि थोडी बाग. दाट वस्ती आणि कोंदट वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दगडविटांत सिद्ध केले.

पण या उद्योगात कर्ज मात्र डोक्यावर चढले. बँकेत शिकलेला हिशेब बँकेतच राहिला असे म्हणावे लागेल. घरचे आणि बाहेरचे हिशेब सांभाळता सांभाळता ॲनाबाईंच्या नाकी नऊ येत. शेवटी 1896 मध्ये मित्रांनी एक कंपनी काढून त्यांच्या मिळकती तिच्याकडे घेतल्या, तेव्हा कोठे निभाव लागला. समाजाचे भले करणाऱ्या योजनेलाही भांडवल, भाडे आणि घसारा यांचे गणित चुकत नाही, हा धडा त्यांच्या चरित्रातून आम्ही घ्यायला हवा.

इकडे 1888 पासून डंडी येथील महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ही नोकरी वर्षातून एका सत्रापुरतीच असे. उरलेला वेळ त्यांनी नगरांना दिला. एडिंबरोत एक मनोरा घेऊन त्यात त्यांनी नगरदर्शनाचे संग्रहालय मांडले. वरच्या मजल्यावर शहराचे प्रतिबिंब, खाली क्रमाने स्कॉटलंड, युरोप आणि जग. पुढे नगररचनेचे एक फिरते प्रदर्शन तयार केले. 1914 साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी त्यांना हे प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात बोलावले. गेडिस एका बोटीने निघाले आणि नकाशे, चित्रे, आराखडे दुसऱ्या बोटीने. महायुद्ध नुकतेच पेटले होते. ऑक्टोबर 1914 मध्ये एम्डन या जर्मन युद्धनौकेने ती दुसरी बोट बुडवली. वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला. दुसरा कुणी परत फिरला असता. गेडिस यांनी मायदेशीच्या मित्रांना निरोप धाडले, नवे साहित्य जमवले आणि 1915 च्या आरंभी मद्रासेत प्रदर्शन भरवलेच!

तेथून त्यांची हिंदुस्थानातील भ्रमंती सुरू झाली. तंजावर, मदुरा, बळ्ळारी, ठाणे, बडोदा, लखनौ, लाहोर अशी कितीतरी गावे त्यांनी पाहिली आणि बहुतेकांवर अहवाल लिहिले. सकाळी उन्हापूर्वी निघायचे आणि बोळाबोळांतून हिंडायचे. नगरपालिकेच्या कचेरीतला नकाशा हातात असे, पण त्यावर त्यांचा विश्वास नसे. कारण नकाशात घर दिसते. त्याच्या ओसरीवर बसलेली म्हातारी, अंगणातले कडुनिंबाचे झाड, कोपऱ्यावरचा पार दिसत नाही.

त्या काळी जुन्या वस्त्या सुधारण्याची सरकारी रीत ठरलेली होती. पट्टी घ्यायची, दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता आखायचा आणि मध्ये येतील ती घरे पाडायची. 1896 च्या प्लेगनंतर तर या रीतीला जोर चढला होता. गेडिस यांनी साधा प्रश्न केला, की ज्यांची घरे पाडली ते जाणार कोठे? ते शेजारच्या गल्लीत जातात आणि तेथील गर्दी दुप्पट होते. म्हणजे रोग एका घरातून काढून दुसऱ्या घरात घातला, एवढेच. त्याऐवजी पडीक घर तेवढे काढा, त्या जागी लहानसा चौक करा, झाड लावा, विहीर स्वच्छ करा, दोन बोळ एकमेकांना जोडा आणि बाकीची घरे राहू द्या, अशी त्यांची पद्धत होती. जसा चांगला शल्यवैद्य गरजेपुरताच चिरा देतो, तशी. हे काम घरे पाडण्यापेक्षा स्वस्तही पडे, कारण सर्वांत मोठा खर्च भूसंपादनाचा असतो आणि तोच वाचे.

पण जुन्या गावात माणसे मावेनाशी झाली म्हणजे नवी वसाहत हवीच. तिचा सर्वांत मोठा विचार त्यांनी होळकरांच्या इंदुरात केला. तेथे तुकोजीराव (तिसरे) यांचे राज्य होते. कापसाच्या गिरण्या वाढत होत्या, मजुरांची रीघ लागली होती आणि प्लेगची भीती कायम होती. गेडिस यांनी इंदूरवर लिहिलेला अहवाल 1918 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. गिरणी कामगारांना लांबच लांब बराकींसारख्या चाळीत कोंबण्याला त्यांचा विरोध होता. कुटुंबाला लहान का होईना, स्वतंत्र जागा हवी. पुढे ओसरी, मागे परसू हवे. आज एक खोली बांधली तर उद्या कमाई वाढल्यावर दुसरी जोडता आली पाहिजे. सांडपाणी नदीत सोडण्याऐवजी परसातल्या भाजीला द्यावे. काही घरांमागे एक चौक, चौकात सावली आणि मुलांना खेळायला जागा असावी. रहदारीचे रस्ते हवे तेवढे रुंद असावेत, पण घरांपुढचे बोळ उगाच रुंद करू नयेत. रिकामा रुंद रस्ता उन्हात तापतो, धूळ उडवतो, आणि त्याच्या पायी गेलेली जमीन व पैसा शेवटी घर घेणाऱ्याच्याच माथी बसतो.

हे शेवटचे वाक्य मला फार विचार करायला लावते. म्हणून मी उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहिला. आकडे माझ्या कल्पनेतले आहेत, पण गणित कुणीही पडताळून पाहावे. समजा दहा एकरांची वसाहत आहे. एका एकरात 4,840 चौरस गज. पहिल्या आराखड्यात रस्त्यांना 35 टक्के, मोकळ्या जागेला 10 टक्के आणि प्लॉटना 55 टक्के जमीन ठेवली. प्लॉटसाठी 26,620 गज उरले. सर्व प्लॉट 200 गजांचे केले तर 133 घरे बसतील. आता दुसरा आराखडा गेडिस यांच्या वळणाचा करू. आतले बोळ अरुंद केले, रस्त्यांना 22 टक्के पुरले. मोकळी जागा वाढवून 13 टक्के केली. प्लॉटना 65 टक्के, म्हणजे 31,460 गज मिळाले. त्यातली अर्धी जमीन 200 गजांच्या प्लॉटना आणि अर्धी 100 गजांच्या प्लॉटना दिली. मोठे 78 आणि लहान 157, मिळून 235 घरे झाली. मजला एकही न चढवता एकरी 13 घरांची 23 घरे झाली, मुलांना खेळायला अधिक जागा मिळाली, आणि ज्याच्या खिशाला 200 गज झेपत नव्हते त्यालाही त्याच वसाहतीत दार उघडले. लहान प्लॉटवाला शिंपी, न्हावी, शाळेचा शिपाई तेथेच राहील, तर मोठ्या प्लॉटवाल्या डॉक्टरालाही त्याची सोय होईल. आपल्या जुन्या गावांत वाड्याला लागून दोन खणांची घरे असत. त्यांत जातीच्या वेशी होत्या, हे विसरून चालणार नाही. त्या वेशी पाडून लहान-मोठ्या घरांचा शेजार तेवढा घ्यायचा, हे काम गेडिस यांनी नव्हे, आपण करायचे आहे.

इंदूरची एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लोक घरे स्वच्छ करीत नाहीत, सरकारी हुकमाला भीक घालत नाहीत, म्हणून गेडिस यांनी महाराजांकडून एका दिवसापुरता कारभार मागून घेतला. दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढायची आणि जो भाग जास्तीत जास्त झाडूनझटकून स्वच्छ होईल त्या भागातून ती न्यायची, असे त्यांनी जाहीर केले. मग काय विचारता! गल्लीगल्लीत चुरस लागली. गाड्या भरभरून कचरा बाहेर पडला. मिरवणुकीत हत्ती-घोडे तर होतेच; पण घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीरही होता, आणि स्वच्छ पोशाखातले सफाई कामगार मानाने चालत होते. शेवटी राक्षसाचे दहन झाले. ज्या माणसांची सावलीही समाज टाळत होता, त्यांना भर मिरवणुकीत फुले मिळाली. 2017 पासून इंदूर देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून वर्षानुवर्षे पहिले आले, तेव्हा मला ही मिरवणूक आठवल्याशिवाय राहिली नाही.

बाहेर अशी मिरवणूक सजवणाऱ्या या माणसाच्या घरात त्याच सुमारास केवढा अंधार होता! 1917 च्या वसंतात थोरला मुलगा ॲलिस्टर फ्रान्समध्ये रणांगणावर पडला. ॲनाबाई तेव्हा हिंदुस्थानातच तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. गेडिस यांनी ती बातमी त्यांच्यापासून लपवून ठेवली. जूनमध्ये मुलाच्या मृत्यूची वार्ता न कळताच त्याही गेल्या. तीस वर्षांची सोबत सुटली. तरीही गेडिस यांनी काम थांबवले नाही. इंदूरचा अहवाल त्यानंतरचा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या मनोधैर्याची कल्पना येते.

1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख गेडिस. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच पारखले. घुर्ये विलायतेत शिकून आले आणि 1924 मध्ये त्या विभागाचे प्रमुख झाले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही गेडिस यांनी 1920 मध्ये प्रसिद्ध केले. आमच्या जुन्या हैदराबाद संस्थानाशीही त्यांचा संबंध आला. उस्मानिया विद्यापीठासाठी जागा निवडण्याच्या कामी निजाम सरकारने त्यांचा सल्ला घेतला, आणि अडिकमेटच्या माळावर आज तो विस्तीर्ण परिसर उभा आहे. तेलंगणातील किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल?

प्रकृती ढासळल्यामुळे 1924 मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. पुढच्याच वर्षी तेल अवीव या नव्या शहराचा आराखडा त्यांनी केला. कडेने मोठे रस्ते, आत शांत बोळ आणि मध्ये बाग, हीच जुनी कल्पना तेथे रुजली. त्या शहराच्या जुन्या भागाला 2003 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी फ्रान्समधील माँपेलिए येथे स्वतः काढलेल्या महाविद्यालयात घालवली. पूर्वी एकदा नाकारलेली ‘सर’ ही पदवी त्यांनी 1932 साली स्वीकारली आणि त्याच वर्षी 17 एप्रिलला त्यांचे निधन झाले.

मोठ्या माणसाचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर चरित्राची आरती होते. गेडिस बोलू लागले की थांबत नसत, आणि पुष्कळदा दाढीतल्या दाढीत बोलत. लेखन पसरट असे. इंदूरचे दोन खंड सबंध वाचणारे अधिकारी थोडेच निघाले असतील. त्यांच्या बहुतेक योजना कागदावर राहिल्या. त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. रॅमझे गार्डनमधील सदनिका आज एडिंबरोतील महागड्या घरांत गणल्या जातात. वस्ती सुंदर केली की भाव चढतो, आणि भाव चढला की ज्यांच्यासाठी ती केली ते बाहेर फेकले जातात. घरांचे प्रकार आणि आकार वेगवेगळे ठेवून भागत नाही. लहान घर लहान माणसाच्याच हाती राहावे यासाठी सहकारी मालकी, भाड्याचे नियम असा काही बंदोबस्त लागतो. गेडिस यांनी येथपर्यंतचा रस्ता दाखवला. पुढचा आपल्याला शोधायचा आहे.

2016 मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची विभागणी झाली आणि बेज्जूर आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. नवा जिल्हा झाला की नव्या कचेऱ्या येतात, कचेऱ्यांमागून वसाहती येतात. प्राणहितेच्या अल्याड-पल्याड मराठी, तेलुगू, गोंडी बोलणारी माणसे त्यांत राहायला जाणार आहेत. आपल्यापैकी कुणी उद्या बँकेत बसून गृहकर्जे मंजूर करील, कुणी ग्रामपंचायतीत आराखड्यावर सही करील, कुणी स्वतः प्लॉट पाडून विकील. त्या वेळी पांढऱ्या रेघा ओढण्यापूर्वी एकदा त्या जागेवरून पायी फिरून यावे. पाणी कोठून वाहते, सावली कोठे पडते, आणि तेथे कोण कोण राहायला येणार आहे हे विचारावे. सगळ्यांत कमी पैसे असलेल्या माणसाचे घर या नकाशात कोठे आहे, ते बोट ठेवून दाखवता आले, तरच सही करावी.